फ्लॅटन : सपाट, एकत्र की एकजीव?

खटपट्या : चित्राचे भाग सुटे ठेवून वेबसाठी साधं ॲनिमेशन कसं करायचं, अशा एका मार्गदर्शिकेचं मराठी करतोय. 'फ्लॅटन'ला, म्हणजे सगळे सुटे भाग मिळून एकच चित्र करून टाकण्याच्या आज्ञेला, मी 'सपाट करा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'एकत्र करा' केलं. पण तिथे 'ग्रूप'लाही 'एकत्र करा'च आहे! ग्रूप केलेलं परत सोडवता येतं. फ्लॅटन करून फाइल सेव्ह करून बंद केली, की पक्षी सरकवायला जावं तर मागचं आभाळही त्याच्याबरोबर सरकतं. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

शब्दवेल्हाळ : 'एकजीव करा'. पुन्हा वेगळं काढता येणार नाही, हे त्यात आपसूक आलं.

तळटीप : स्वयंपाकघरातला शब्द आहे हो तो. मेन्यूत शोभत नाही. 'विलीन करा' घ्या.

शब्दवेल्हाळ : विलीन 'मर्ज'ला लागेल, ते आधीच खर्चून बसू नका. आणि स्वयंपाकघराचं वावडं कशाला? ॲनिमेशनच्या मुळाशी लॅटिन 'अनिमा' आहे, म्हणजे श्वास, जीव. आपल्या 'प्राण'मधल्या 'अन्' धातूची ती नातेवाईकच. जीव ओतायच्या कामात 'जीव' असलेला शब्द मिळतोय, तोही घरचा!

तळटीप : पण फ्लॅटन केल्यावर चित्रातला जीव जातो ना? पक्षी जागचा हलत नाही. तुमची व्युत्पत्ती तुमच्यावरच उलटली.

पिक्सेलबुवा : आम्ही सरळ 'चपटं करणं' म्हणायचो. मॅक्रोमीडियाचं फायरवर्क्स, म्हणजे वेबसाठी चित्रं करायचं सॉफ्टवेअर, १९९८ मध्ये आलं, २०१३ मध्ये ॲडोबीने त्याचा पुढचा विकास थांबवला. त्याच्या स्वतःच्या पीएनजी फाइलमध्ये सगळे भाग सुटे राहत आणि वेबवर जिफ जाई. 'जिफ काय हवी ती चपटी कर, मूळ फाइल चपटी करू नकोस,' एवढं प्रत्येक नवख्याला बजावायचो. कारण ग्राहक हमखास शेवटी सांगणार, 'ते अक्षर जरा मोठं करा.' असो. तुम्ही 'सिम्बॉल' (एकदाच काढून ठेवलेलं मूळ चित्र) आणि 'इन्स्टन्स'ला (त्याची जागोजागी ठेवलेली प्रत) काय केलंत?

मुक्ताई : साचा आणि ठसा! यात काय अवघड?

खटपट्या : साचा बदलला म्हणून आधी उमटलेले ठसे बदलत नाहीत. इथे सिम्बॉलमध्ये चोच लाल केली की सगळ्या फ्रेममधल्या चोची लाल होतात.

मुक्ताई : मग बिंब-प्रतिबिंब.

तळटीप : वा! हे मात्र मराठीला साजेसं.

पिक्सेलबुवा : साजेसं आहे, बरोबर नाही. प्रतिबिंबाला स्वतःचं फिकेपण नसतं, इन्स्टन्सला असतं. डावीकडे एक ठळक पक्षी, उजवीकडे तोच लहान आणि फिका, आणि दिली 'ट्वीन'ची आज्ञा, की मधल्या पायऱ्या आपोआप भरतात: जागा, आकार, कोन, फिकेपण. पंख मिटवायचे असतील तर ते आपणच काढायचे. आणि जिफमध्ये फ्रेमचा थांबा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. १० लिहिलं तर सेकंदाचा दहावा भाग. पोरं 'दहा सेकंद' समजून बसतात, म्हणून सांगितलं.

शब्दवेल्हाळ : 'ट्वीन' हे 'इनबिट्वीन'चं उरलेलं शेपूट. हाताने काढायच्या काळात मुख्य चित्रकार महत्त्वाच्या पोझ काढी, मधली चित्रं साहाय्यक भरत. 'मधली भरा' म्हणा.

तळटीप : 'आंतरचित्रण'.

पिक्सेलबुवा : ते वाचून कोणी बटण दाबेल असं वाटतं तुम्हाला?

तळटीप : 'संगणक'लाही लोक असेच हसले असतील.

मुक्ताई : आणि संगणकावर काम करणारे आज काय म्हणतात? कम्प्युटर.

खटपट्या : मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'पक्ष्याची लेयर एकजीव करू नका' असं लिहितोय.

मुक्ताई : 'पक्ष्याची लेयर'? तो लेयर ना? 'थर' पुल्लिंगी आहे, म्हणून लेयरही पुल्लिंगी.

पिक्सेलबुवा : छे! लेयर ती. मी आयुष्यभर लेयर 'झाकली' आहे, 'झाकला' कधीच नाही.

तळटीप : म्हणून म्हणतो, 'स्तर' लिहा.