हॅमिल्टनने रेसिंगमध्ये राजकारण आणलं, हे कितपत खरं?

पोल पोझिशन (प्रश्न):
गेली काही वर्षं मी फॉर्म्युला वन नेमाने बघतोय. परवा आमच्या ग्रुपमध्ये कडाक्याचा वाद झाला. दोघांचं ठाम म्हणणं की पूर्वी या खेळात गाड्या आणि ड्रायव्हर एवढंच होतं. 2020 मध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीआधी कृष्णवर्णीय ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसला आणि तिथून राजकारण घुसलं. मला हे पटत नाही, पण उत्तर द्यायला जुना इतिहास माहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

सातारकर काका:
तुझ्या मित्रांना क्यालामी विचार. जोहान्सबर्गजवळचं सर्किट. 1985 मध्ये मी कॉलेजात होतो. तेव्हा शर्यत टीव्हीवर दिसायची नाही, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर चार ओळी यायच्या. त्या चार ओळींसाठी मी वाचनालयात जायचो.

त्या वर्षी जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने देशाच्या बऱ्याच भागात आणीबाणी लावली होती. 18 ऑक्टोबरला प्रिटोरियात बेंजामिन मोलोईसे या कृष्णवर्णीय कवीला फाशी दिलं. जगभरातून दयेची मागणी होत होती, कुणी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी, 19 तारखेला, तिथून फार लांब नसलेल्या क्यालामीत ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, झाली. रेनो आणि लिजिए या फ्रेंच संघांनी जायला नकार दिला. काही प्रायोजकांनी गाड्यांवरची आपली नावं काढून घेतली. म्हणजे तिथे दिसणं लाजिरवाणं आहे हे पैसेवाल्यांनाही कळत होतं! बाकीचे धावले. मॅन्सेल जिंकला, रोझबर्ग दुसरा आला. त्यानंतर तिथे थेट 1992 मध्ये ग्रां प्री झाली.

आता सांग, जे गेले नाहीत तेवढ्यांनीच राजकारण केलं आणि जे गेले त्यांनी नाही, हे कसं मानायचं? आपल्या देशाने 1974 मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यावर पाणी सोडलं, कारण समोर दक्षिण आफ्रिका होती. अमृतराज बंधू तेव्हा ऐन भरात होते. तो चषक आजवर आपल्याकडे आलेला नाही. एवढी किंमत मोजणारे खेळाडू डोळ्यांसमोर होते, म्हणून क्यालामीला गेलेल्यांचा मला आजही राग येतो.

रेसवेडा ठाणे:
काकांच्या मुद्द्याला जोड देतो. विली टी. रिब्स या अमेरिकन ड्रायव्हरने 1986 मध्ये पोर्तुगालमधल्या एस्टोरिलला ब्रॅभम संघाच्या गाडीची चाचणी दिली. फॉर्म्युला वनची गाडी चालवणारा तो पहिला कृष्णवर्णीय, पण शर्यत त्याला कधीच मिळाली नाही. ती मिळाली हॅमिल्टनला, 2007 मध्ये. आणि फेब्रुवारी 2008 मध्ये बार्सिलोनाच्या सरावाला काही प्रेक्षक तोंडाला काळं फासून, डोक्यावर विग घालून आणि अंगावर 'हॅमिल्टनचं कुटुंब' असं लिहिलेले शर्ट चढवून आले. तेव्हा तो कशासाठीच गुडघ्यावर बसलेला नव्हता. फक्त गाडी चालवत होता. राजकारण कुणी कुणावर लादलं ते यावरून दिसतं.

पोल पोझिशन:
काका, रेसवेडा, मनापासून आभार. क्यालामीबद्दल पहिल्यांदाच वाचलं. मग ऑस्ट्रियात जे सहा जण उभे राहिले त्यांना काय म्हणायचं?

सातारकर काका:
वर्णद्वेष्टे म्हणू नकोस, तो अन्याय होईल. वीसपैकी चौदा जण गुडघ्यावर बसले. लक्लेअर, व्हर्स्टॅपन, साइन्झ, राइकोनेन, क्वियात आणि जिओविनात्सी उभे राहिले, पण वर्णद्वेष संपवा असं लिहिलेले शर्ट त्यांनीही घातले होते. लक्लेअरचं म्हणणं होतं की एखाद्या खुणेपेक्षा रोजचं वागणं महत्त्वाचं. मला ते अपुरं वाटतं. शेजारचा सहकारी वर्षानुवर्षं एकटा हे सोसतोय, त्याच्यासाठी मिनिटभर गुडघा टेकायला काय हरकत होती?

वाहन अभियंता, पिंपरी:
माझं लक्ष ड्रायव्हरांपेक्षा कारखान्यांकडे जातं. इंग्लंडमध्ये ब्रॅकली, वोकिंग, मिल्टन कीन्स इथे संघांचे कारखाने आहेत, तिथे शेकडो अभियंते काम करतात, आणि त्यांत कृष्णवर्णीय अगदी नगण्य. हॅमिल्टनने इंग्लंडच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगबरोबर याचा अभ्यास करवून घेतला, जुलै 2021 मध्ये अहवाल आला. मूळ शाळेतच आहे, असं त्यात दिसतं. कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून काढून टाकण्याचं प्रमाण जास्त, विज्ञान-गणिताला कृष्णवर्णीय शिक्षक फार थोडे. मग अभियांत्रिकीपर्यंत पोचणार कोण? त्याने पदरचे दोन कोटी पौंड देऊन मिशन 44 ही संस्था काढली ती यासाठीच. गुडघ्याच्या वादात हे काम कुणी वाचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ग्रुपवर एफआयए, म्हणजे या खेळाचे नियम करणारी संघटना, तिचंही सांगा. सप्टेंबर 2020 मध्ये इटलीत मुजेलोला हॅमिल्टनने ब्रिओना टेलर या अमेरिकन कृष्णवर्णीय तरुणीच्या मारेकरी पोलिसांना अटक करा, असा शर्ट घातला. लगेच नियम आला की पोडियमवर (विजेत्यांच्या मंचावर) सूट गळ्यापर्यंत बंद हवा. डिसेंबर 2022 मध्ये तर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक मत मांडायला आधी लेखी परवानगी घ्या, असं नियमावलीत घातलं. रशियात सोचीच्या शर्यतीला पुतिन स्वतः विजेत्याला करंडक देत होते, ते मात्र राजकारण नव्हतं!