स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह नाकारणं : काळजी की अडवणूक?

दूरचा पल्ला

साधी हॅचबॅक बघायला गेलं की सेल्समन स्वतःहून किल्ली पुढे करतो. ५०० हॉर्सपॉवरच्या गाडीपाशी आलं की तोच माणूस हात आखडता घेतो. "आधी बुकिंग करा, मग बघू." "आमचा ड्रायव्हर चालवेल, तुम्ही शेजारी बसा." "या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह कंपनीच देत नाही." माझ्या भावाला ही तिन्ही उत्तरं एकाच शोरूममध्ये, एकाच दुपारी मिळाली. स्टीअरिंग शेवटपर्यंत हातात आलं नाही. शेजारी बसून एक फेरी मारायला मिळाली, तेवढीच.

माझं म्हणणं असं की गाडी विकायला ठेवली आहे तर घेणाऱ्याला ती चालवून बघू द्यायलाच हवी. रस्ता कुठला, वेग किती, शेजारी कोण बसणार, हे सगळं शोरूमने खुशाल ठरवावं. पण सरसकट नकार देऊ नये.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून बघणं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. गाडी ३.४ सेकंदांत १०० गाठते हे माहितीपत्रकात छापलेलंच असतं, ते कोणी तपासायला जात नाही. बघायचं असतं ते वेगळं. बकेट सीटच्या कडा मांडीला रुततात का? ट्रॅफिकमध्ये अर्धा तास क्लच दाबून पाय भरून येईल का? सावकाश जाताना गिअरबॉक्स धक्के देतो का? मागच्या काचेतून नेमकं किती दिसतं? पार्किंगचा उतार उतरताना पुढचा बंपर खाली घासतो का? खराब रस्त्यावर त्या कडक सस्पेन्शनमुळे कंबरेचं काय होतं? हे शेजारच्या सीटवरून कळत नाही, आणि यातल्या कशासाठीही ताशी ६० च्या वर जावं लागत नाही.

शोरूमच्या आतून

असहमत. या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा डेमो गाडीच नसते. पोर्शे ९११ जीटी३ सारखी गाडी शोरूमला मोजकीच मिळते आणि ती येण्याआधीच कोणाच्या तरी नावावर लागलेली असते. तुम्हाला काचेआड दिसते ती गाडी दुसऱ्याची आहे. बीएमडब्ल्यू आपल्या एम, म्हणजे स्पोर्ट्स गाड्यांसाठी सांगते की पहिले २,००० किलोमीटर ५,५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि ताशी १७० च्या वर जाऊ नका, त्यानंतर रनिंग-इन तपासणी करून घ्या. ज्याने पैसे भरलेत त्याच्या कोऱ्या इंजिनावर आधी चार अनोळखी लोकांनी हात साफ करून घ्यायचा का?

दुसरी गोष्ट मॅन्युअल गिअरची. तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेलात आणि घाईत लिव्हर दुसऱ्यात पडला, की चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडू शकतो, पण तेव्हा इंजिन इंधनावर फिरतच नसतं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. व्हॉल्व्ह वाकतात. निभावलं तरी पोर्शेच्या कंप्युटरमध्ये अशा ओव्हर-रेव्हची सहा पातळ्यांत नोंद राहते आणि पुढे गाडी घेणारा जाणकार ती नोंद आधी मागतो.

तिसरी गोष्ट मी स्वतः शेजारी बसून बघितली आहे. गिऱ्हाईक चांगलं शिकलंसवरलेलं, बोलायला शांत. गेटमधून बाहेर पडून मुख्य रस्त्याला लागताना स्टीअरिंग अजून वळलेलंच होतं आणि त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. टायर गार होते. मागची चाकं सुटली. घाबरून त्याने पाय एकदम उचलला, तशी सुटलेली पकड झटक्यात परत आली आणि गाडी उलट्या बाजूला फेकली गेली. मागचं चाक दुभाजकावर आदळून रिम फुटली, सस्पेन्शनचा आर्म वाकला. शोरूमच्या गेटपासून शंभर मीटरही गेलो नव्हतो. "गाडीतच काहीतरी दोष आहे" असं म्हणून तो निघून गेला. विम्यातून जे मिळालं नाही ते आम्ही भरलं.

हेडलाइट

+१ शोरूमवाल्यांना. स्वतः धंदा करून बघा म्हणजे कळेल.

दूरचा पल्ला

@शोरूमच्या आतून, विकलेल्या गाडीला हात लावू नये हे मान्य. तसं तोंडावर सांगा ना, "ही दुसऱ्याची आहे, डेमो नाही." भावाला तसं सांगितलं नाही, बुकिंगची रक्कम मागितली, आणि ती परत मिळणार का यावर कोणी स्पष्ट बोलायला तयार नव्हतं. आधी पैसे अडकवायचे आणि मग गाडी दाखवायची, याला मी काळजी म्हणणार नाही.

तुम्ही सांगितलेल्या अपघातात रस्ता चुकीचा निवडला होता. टायर गार असताना, गेटबाहेरच्या पहिल्याच वळणावर नवख्या माणसाच्या हातात गाडी का दिली? तुमच्या माणसाने गाडी चालवत मोकळ्या रस्त्यावर न्यावी, तोवर टायर थोडे गरम होतात, मग जागा बदलावी.

मधला गिअर

दोघांचंही पटतंय. मला वाटतं उत्तर गाडीतच आहे. डॉज या अमेरिकन कंपनीने २०१५ च्या हेलकॅट या ताकदवान गाडीसोबत दोन किल्ल्या दिल्या होत्या. लाल किल्लीने पूर्ण ७०७ हॉर्सपॉवर, काळी लावली तर ५००. टेस्लाच्या व्हॅले मोडमध्ये वेग ताशी ११३ च्या आसपास अडतो आणि ताकदही कमी होते. पार्किंगवाल्याच्या हातात गाडी देताना जे लॉक चालतं ते टेस्ट ड्राइव्हला का चालू नये? कंपन्यांनी शोरूमसाठी असा वेगळा मोडच द्यावा. ताकद निम्मी, स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप आवरणारी यंत्रणा) बंद करायची सोयच नाही, गाडी ठरलेल्या रस्त्याबाहेर गेली की शोरूमला सूचना.

हेडलाइट

@मधला गिअर, त्या काळ्या किल्लीचेही ५०० हॉर्सपॉवर मागच्याच चाकांवर येतात हो. पहिल्या गिअरमध्ये टायर फिरवायला त्याच्या निम्मेही पुरतात.

ट्रॅकवरची

मी हौशी लोकांना ट्रॅकवर शिकवते, म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिते.

अशा गाडीची खरी परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर होऊच शकत नाही. जीटी३ दुसऱ्या गिअरमध्येच १०० ओलांडते. ताशी १०० ला एका सेकंदात २८ मीटर मागे पडतात, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन बस मावतील एवढं अंतर संपलेलं असतं. त्यासाठी बंद जागाच हवी. पोर्शेने लाइपझिग, सिल्व्हरस्टोन, अटलांटा, लॉस एंजेलिस अशा ठिकाणी यासाठीच केंद्रं काढली आहेत. सिल्व्हरस्टोनला किक प्लेट आहे. जमिनीत बसवलेली हलती पट्टी, मागची चाकं तिच्यावर आली की ती अचानक बाजूला सरकते, पुढे रस्ता ओला आणि गुळगुळीत असतो, गाडी फिरते. तिला सरळ करायला तुमच्याकडे क्षणभरच असतो आणि शेजारी शिकवणारा बसलेला असतो. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांची गाडी गोल फिरते. तेच रस्त्यावर झालं तर काय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं. शेव्हरोले नव्या कॉर्व्हेटच्या मालकांना नेवाडातल्या स्प्रिंग माउंटन ट्रॅकवर सवलतीत प्रशिक्षण देते. म्हणजे कंपन्यांना धोका कळतो, उपायही माहीत आहे. फक्त बऱ्याचदा तो गाडी घेतल्यानंतर मिळतो. मी म्हणते, आधी द्या.

दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे. निर्बंध सगळ्यांना सारखे नसतात. एका शोरूममध्ये मी गाडीबद्दल विचारलं तर उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं गेलं. "मॅडमना शेजारी बसवून फेरी मारून आणतो," म्हणाले. नवऱ्याला ऑटोमॅटिकखेरीज काही येत नाही, तरी मॅन्युअलची किल्ली त्याच्यापुढे धरली. ट्रॅकचा परवाना माझ्या पर्समध्ये होता, तो बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. कपडे, वय, आलेली गाडी, बाई की बुवा, यावरून लायकी ठरते आणि वर तिला सुरक्षिततेचं नाव दिलं जातं. याचा मला मनापासून राग आहे.

दूरचा पल्ला

@ट्रॅकवरची, हे भयंकर आहे.

पायी जाणारा

मी गाडीशौकीन नाही. हा धागा वाचताना एक गोष्ट सारखी खटकली. सगळे गिऱ्हाईक आणि शोरूम यांच्याबद्दल बोलताहेत. टेस्ट ड्राइव्ह ज्या रस्त्यावर होते तिथे आम्हीही असतो. गिऱ्हाइकाने कागदावर सही केली, शोरूमने विमा काढला. झेब्रा क्रॉसिंगवर उभं असलेल्या माणसाला कोणी विचारलं?

आणि "अनुभवी माणसाला द्या" हेही पुरेसं नाही. 'फास्ट अँड फ्युरिअस' सिनेमांतला नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला. ती शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नव्हती, हे आधीच सांगतो. पण गाडी चालवणारा त्याचा मित्र शर्यतींचा अनुभव असलेला होता. तपासात गाडीत बिघाड सापडला नाही. सापडलं ते एवढंच, की ताशी ७२ ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग १३० ते १५० होता आणि टायर नऊ वर्षं जुने होते. त्या गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. हात सराईत होते, तरी गाडी हाताबाहेर गेली. मग शोरूममध्ये आज पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला तुम्ही किती ओळखता? नकार मिळून कोणाचा हिरमोड होत असेल तर होऊ दे.

मधला गिअर

@पायी जाणारा, मुद्दा वजनदार आहे, उडवून लावत नाही. पण मग धोका नक्की कशात मोजायचा ते सांगा. एमजी४ एक्सपॉवर ही दिसायला घरगुती इलेक्ट्रिक हॅचबॅक, ४३५ हॉर्सपॉवर, १०० गाठायला ३.८ सेकंद. तिच्या टेस्ट ड्राइव्हला कोणी बुकिंगची पावती मागत असेल असं वाटत नाही. एकेकाळी सुपरकारला असायची तेवढी ताकद आता मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत आली आहे. शोरूमला रस्त्यावरच्या माणसाचीच काळजी असेल तर हाच नियम तिलाही लागला पाहिजे. लागत नाही, कारण जपायची असते ती महागडी गाडी.

शोरूमच्या आतून

@मधला गिअर, ताकदीचा आकडा एक आणि ती ताकद रस्त्यावर उतरण्याची पद्धत दुसरी. एक्सपॉवरमध्ये चारही चाकांना ताकद मिळते, टायर नेहमीचे, मोटर घसरण ओळखून लगेच हात आवरते. जीटी३ ची सगळी ताकद मागच्या चाकांवर, इंजिन त्यांच्याही मागे, आणि टायर गार असताना पकड न देणारे. वळणात घाबरून पाय उचललात की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं जड इंजिन गाडीची शेपूट बाहेर काढतं. दोघींना एका रांगेत बसवू नका. पण तुमचं एक खरं आहे, इलेक्ट्रिक गाड्यांच्या किल्ल्या आम्ही फार सहज देतो. तिथेही बंधनं यायला हवीत.

@ट्रॅकवरची, तुमच्याशी जे झालं त्याचं समर्थन नाही. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर त्याला मी सेल्सवर ठेवलं नसतं.

दूरचा पल्ला

@पायी जाणारा, तुमच्यासाठीच मी वेग आणि रस्ता शोरूमने ठरवावा म्हणतोय. ताशी ६० ला, ताकद लॉक करून, गर्दी नसलेल्या वेळी, शोरूमचा माणूस शेजारी. एवढं केल्यावर धोका इतर कुठल्याही गाडीपेक्षा वाढतो असं मला वाटत नाही. उलट न चालवता घेतलेली गाडी माणूस कुठे चालवतो? त्याच रस्त्यावर, पहिल्याच दिवशी, पूर्ण ताकदीने, शेजारी कोणी नसताना. शोरूमने नकार दिला म्हणून तुमच्यापुढचा धोका टळला नाही, तो गेटबाहेर गेला एवढंच.

पायी जाणारा

हे शेवटचं वाक्य विचार करायला लावणारं आहे. पण त्यावरून माझा निष्कर्ष निघतो तो उलटा. अशी गाडी ताब्यात देण्याआधीच ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं करा. रस्त्यावरची फेरी तरीही नकोच.

ट्रॅकवरची

सक्तीला माझा पाठिंबा. ट्रॅक सगळीकडे जवळ नसतो ही अडचण आहे, पण विमानतळाची वापरात नसलेली धावपट्टी किंवा मोठं रिकामं पार्किंग, चार शंकू आणि पाण्याचा टँकर एवढ्यावर पहिला धडा होतो. गाडी घसरली की कशी वागते हे कळायला वेग लागत नाही, ओली जमीन लागते.

दूरचा पल्ला

@शोरूमच्या आतून, मग एक थेट प्रश्न. वयाची अट, लायसन्स किती वर्षांचं हवं, किती अनामत ठेवायची, नुकसान झालं तर गिऱ्हाइकाने किती भरायचं, गाडी नाही घेतली तर बुकिंगचे पैसे किती दिवसांत परत, हे सगळं लिहून शोरूमच्या भिंतीवर लावायला तुमची तयारी आहे का? जो अटीत बसेल त्याला गाडी, नसेल बसत त्याला नाही. तोंड बघून काही ठरवायचं नाही.

शोरूमच्या आतून

अटी लिहून लावायला तयार आहे. अनामत आणि परताव्याचं तर कधीच व्हायला हवं होतं, तिथे शोरूमवाले चुकतात. पण शेवटचा शब्द मी शेजारी बसणाऱ्या माणसाकडेच ठेवणार. कोणी दारूच्या वासाचा आला, मित्रांना व्हिडिओ काढायला गेटबाहेर उभं करून आला, बोलता बोलता चारदा "लाँच कंट्रोल दाखवा" (म्हणजे उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडा) म्हणाला, तर कागदावर तो कितीही बसू दे, माझा माणूस त्याच्या शेजारी बसणार नाही. जीव माझ्या माणसाचा आहे.

ट्रॅकवरची

दारूचा वास, लाँच कंट्रोलचा हट्ट, गेटबाहेरचे मित्र, हेही त्याच भिंतीवर लिहा. नकार दिला की कारण वहीत नोंदवा आणि गिऱ्हाइकाला त्याची प्रत द्या. मला जेव्हा अडवलं तेव्हाही शेवटचा शब्द शेजारी बसणाऱ्या माणसाचाच होता.