मदत हवी आहे: माजघरातलं झाडाचं चित्र अस्सल की नक्कल?

नमस्कार मंडळी. इथले झाडापानांचे आणि जुन्या पुस्तकांचे धागे नेमाने वाचते, लिहीत मात्र कधी नाही. या वेळी अडले आहे.

कुडाळजवळच्या आमच्या घरी माजघरात एक चित्र वर्षानुवर्षं टांगलेलं आहे. सासऱ्यांचे काका कोचीला एका मसाल्याच्या पेढीवर कारकून होते, त्यांनी येताना ते आणलं, एवढंच घरात ठाऊक. यंदा भिंतीला ओल आली, फ्रेमच्या मागच्या फळीला वाळवी लागली, म्हणून उतरवलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

नुसत्या काळ्या शाईचं आहे, रंग नाही. एक फांदी, जाडसर पानं आणि खाचा पडलेली गोल फळं. सासूबाई म्हणाल्या, "लाल भोपळ्याचं पिल्लू दिसतंय." वरच्या बाजूला नाव आहे, तेही चार लिप्यांत. रोमन अक्षरांत 'कोड्डम-पुल्ली', मग मल्याळी, मग अरबी, आणि चौथी चक्क नागरी! ती नागरी मात्र मला वाचता येईना. लिपी न येणाऱ्या माणसाने रांगोळीची नक्षी उतरवावी तशी ती अक्षरं उतरवली आहेत.

भाच्याने मोबाइलवर शोधलं. त्याचं म्हणणं, हे 'हॉर्टस मलबारिकस' या, डचांनी मलबारच्या म्हणजे केरळ किनाऱ्याच्या झाडांवर काढलेल्या ग्रंथातलं पान आहे, पहिल्या खंडातलं चित्र क्रमांक २४. ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. आता तो म्हणतो, मामी, हे मला द्या, मी अमेरिकेला नेतो, तिथे हवा कोरडी असते.

गावातल्या फ्रेमवाल्याकडे गेले तर त्याने काच न काढताच "लॅमिनेट करून टाका, काकी, शंभर वर्षं बघायला नको" असा सल्ला दिला. ते ऐकून चित्र घेऊन परत आले. किंमत विचारत नाहीये, विकायचं नाही. एवढंच हवंय: हे खरं जुनं आहे का ते घरच्या घरी कळेल का, काच-फळी मी स्वतः उघडू का, आणि भाच्याला काय सांगू? कागदाला खालच्या बाजूने पिवळट डाग आहेत आणि कडेला कसरीने खाल्लेल्या दोन रेघा.

— माजघर

---

माजघरताई, फ्रेमवाल्यापासून वाचलात हे उत्तम केलंत. लॅमिनेशन कागदातून पुन्हा सुटत नाही. सेलोटेप आणि फेविकॉलही जवळ आणू नका.

काच न काढता एक गोष्ट आजच करा. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, जवळजवळ आडवा धरा. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून दाबयंत्रात छापलेलं असेल, तर पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब कागदावर उठलेला दिसतो, पुरणपोळीवर ताटाची कड उमटावी तसा. मग भिंगाने रेघा पाहा. कोरलेली रेघ एकसंध असते, टोकाला निमुळती होते. हल्लीच्या ऑफसेट छपाईत तीच रेघ बहुधा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. ठिपके दिसले तर विषय संपला.

फळी उघडल्यावर आणखी एक खूण. या ग्रंथातली चित्रं दुपानी आहेत, म्हणजे उघडलेल्या पुस्तकाच्या दोन्ही पानांवर पसरलेली. त्यामुळे सुट्या चित्राच्या बरोबर मधोमध उभी घडी हवी, आणि मागची बाजू कोरी. कागद उजेडासमोर धरला की अंगच्याच समांतर रेघा दिसतात, त्या जाळीवर कागद हाताने तयार केल्याच्या.

एक कटू गोष्टही सांगतो. अशी सुटी पानं बाजारात येतात ती बरेचदा अख्खा ग्रंथ फाडून, कारण सुट्या चित्रांचे जास्त पैसे येतात. तुमच्या काकांचा त्यात दोष नाही, त्यांना ते फ्रेमसकटच मिळालं असेल. पुढे रंग भरून विकायचीही रीत आहे. तुमचं बिनरंगी आहे ही चांगली खूण, कारण मूळ छपाई काळीच होती.

— जुनं पान

---

भोपळा नव्हे हो, ही कुडमपुळी! केरळात माशाच्या आमटीत घालतात ती काळी, धुरावलेली आंबट साल. आपल्या कोकमाची सख्खी बहीण, दोघी गार्सिनिया या एकाच वंशातल्या. सासूबाईंना सांगा, आमसुलाच्या जागी चालेल.

नागरी कुठून आली ते सांगते, कारण मला त्या ग्रंथातलं तेच सगळ्यात आवडतं. हेंड्रिक फान रेडे हा मलबारातल्या डच कंपनीचा कमांडर, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. त्याने झाडं गोळा करायला माणसं पाठवली, चित्रकार बसवले, आणि माहिती घेतली ती इट्टी अच्युतन या वैद्याकडून आणि तीन ब्राह्मणांकडून: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. हे तिघे कोचीतले कोकणी बोलणारे. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोकणीत, नागरी लिपीतच छापलंय. चित्रावर त्या नागरी नावापुढे 'ब्राम' असं रोमनमध्ये असेल, म्हणजे ब्राह्मणांच्या बोलीतलं नाव. ती कोकणी की मराठी हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर नेऊया.

आणि लिनियस, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, भारतात कधी आलाच नाही. इथल्या कित्येक झाडांना त्याने शास्त्रीय नावं दिली ती याच चित्रांच्या आधारे. वाळवलेला नमुना हाताशी नसेल तिथे आजही रेडेचं चित्रच नमुना मानतात. रेडे स्वतः १६९१ मध्ये समुद्रावर वारला आणि सुरतेला पुरला गेला, शेवटचे खंड त्याच्या मागे निघाले.

— कोकमसार

---

भाच्याला थांबवा. १९७२चा पुरावशेष कायदा आहे. ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी कागदपत्रं आणि १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्यात मोडते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तपासून सांगतं. बॅगेत गुंडाळून नेलं आणि विमानतळावर उघडलं गेलं तर मामीचं नाव पुढे येईल.

डागांसाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, आधी फोन करून विचारा. तोवर फ्रेम ओल्या भिंतीपासून दूर, सपाट, सावलीत ठेवा. ऊन दाखवू नका, डांबरगोळ्या नकोत.

— कायद्याचं बोला

---

सगळ्यांचे आभार. काल रात्री दिवे घालवून टॉर्च धरला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनाच आधी दिसलं: "अगो, हा बघ, चौकट उठली!" चारही बाजूंनी दाब आहे, डावीकडे जरा तिरका. भिंगातून रेघा सलग आहेत, ठिपका एकही नाही.

फळी वाळवीने इतकी पोखरली होती की खिळे आपोआप निघाले. मधोमध घडी आहे, आणि घडीच्या मागे सुईच्या भोकांची ओळ, म्हणजे कधीतरी हे खरंच शिवलेलं होतं. जुनं पान यांनी सांगितलं होतं तरी ती भोकं पाहून वाईट वाटलं. मागची बाजू कोरी आहे, फक्त पेन्सिलीने काकांच्या अक्षरात '१२ रु.' लिहिलंय.

भाच्याशी बोलले. तो थोडा रुसलाय, पण मोबाइलने चांगला फोटो काढून घेतला. पुढच्या बुधवारी मुंबईला नेते आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रेल्वेने नेलं तर चालेल ना? की पुठ्ठाही वेगळा लागतो? आणि कोकमसार, 'ब्राम' खरंच आहे. त्या पुढचं पहिलं अक्षर 'भ' की 'म', कुणी सांगू शकेल का? फोटो खाली लावते.

— माजघर