साधेपणा नेमका कोणाच्या कष्टांवर?

मुठाकाठ:
कोथरूडची सदनिका भाड्याने देऊन मुळशीकडे राहायला गेल्याचे आणि फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन विकल्याने मन मोकळे झाल्याचे 'ताम्हिणी' यांनी येथे सविस्तर लिहिले आहे. अभिनंदन. मात्र 'पुण्यात उरलेले सारे वस्तूंचे गुलाम आहेत' हे त्यांचे वाक्य वाचून उत्तर देणे भाग पडले. दरमहा भाडे खात्यात जमा होत असताना साधलेल्या या विरक्तीला मी उत्तम गुंतवणूक म्हणेन. डॉ. हेमा साने यांनी बुधवार पेठेतील वाड्यात विजेविना राहून गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, पुस्तके लिहिली. त्यासाठी त्यांना डोंगरापलीकडे जावे लागले नाही.

ताम्हिणी:
भाड्याचे मी लपवलेले नाही. गरजा कमी करण्यापूर्वी दरिद्री व्हावे, अशी अट कोणी घातली? आणि सानेबाईंचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही.

वरवंटा:
मिक्सर विकल्यावर चटणी कोण वाटते, हे त्या लांबलचक लेखात कोठेही नाही. माझे सासरे रोज सूत कातीत आणि अपरिग्रहावर तासभर बोलत. यंत्र घरात नको हा त्यांचा निश्चय, पाट्यावर मात्र सासूबाई आणि मी. गांधीजींच्या आश्रमात संडास-सफाई आश्रमवासीयांनाच करावी लागे. आमच्याकडे तत्त्व तेवढे आले, पाळी आली नाही.

ताम्हिणी:
आपल्या सासऱ्यांचा राग माझ्यावर का? चटणी मीच वाटतो.

वरवंटा:
आणि भांडी?

ताम्हिणी:
त्यासाठी गावातील एक मावशी येतात. त्यांना योग्य वेतन देतो.

वरवंटा:
म्हणजे यंत्र विकले आणि माणूस ठेवले.

ताम्हिणी:
शहरात आपल्याकडे कोणी कामाला येत नाही काय? हा निव्वळ दांभिकपणा आहे.

वरवंटा:
येतात. म्हणून तर मी मुक्तीवर लेख लिहीत नाही.

शनिवारपेठी:
भांड्यांवरून भांडणे थांबवून मूळ मुद्द्याकडे यावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या पुरात आमच्या आजीचा संसार वाहून गेला. त्यानंतर तिने रिकामा डबा किंवा सुतळीचा तुकडासुद्धा कधी टाकला नाही. माळा ओसंडून वाहत असे. तरीही नवी वस्तू ती क्वचितच घेई आणि फाटलेल्या लुगड्याची गोधडी झाल्याखेरीज त्याची सुटका नसे. चांगला चाललेला फ्रिज विकून मोकळे वाटणाऱ्यांपेक्षा ती अडगळीत राहणारी बाई मला अधिक साधी वाटते, कारण विकलेली वस्तू पुन्हा घेता येईल ही खात्री तिच्यापाशी नव्हती.

मुठाकाठ:
आजींबद्दल आदर आहे, पण तो माळा आवरणाऱ्या सुनेचे मतही ऐकायला आवडेल.

ताम्हिणी:
ठीक आहे, पुढील लेखात मावशींचा उल्लेख ठळक अक्षरांत करीन, म्हणजे सर्वांचे समाधान होईल. मिक्सर मात्र परत येणार नाही.

वरवंटा:
आणूच नका. महिनाभर भांडी स्वतः घासून मग लिहा; पहिली वाचक मी असेन.