मदत हवी आहे: पावसाळी देशात अन्नामागचं पाणी कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर आयर्लंडमध्ये राहतो. लेकीला शाळेत ‘ताटामागचं पाणी’ असा प्रकल्प दिलाय आणि आमचं घोडं एका आकड्यावर अडलंय. एक किलो बीफमागे सुमारे १५,४०० लिटर पाणी लागतं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. लेक म्हणते, “आई, इथे गायी गवत खातात, गवत पावसावर वाढतं. मग पाणी वाया कुठे गेलं?”

तिचं म्हणणं मला पटतं. हा आकडा मेकोनेन आणि हुकस्ट्रा या संशोधकांनी काढलेली जागतिक सरासरी आहे. त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त ‘हिरवं’, म्हणजे पावसाचं पाणी. गायी नसत्या तरी त्या कुरणावर तो पाऊस पडलाच असता. मराठवाड्यात बोअरमधून उपसून उसाला दिलेलं लिटर आणि हे लिटर एका मापात कसं धरायचं?

पण म्हणून ‘इथे पाण्याची काळजी नको’ असं लिहायला माझा हात धजत नाही. कारण ‘लॉख ने’ हे इथलं सरोवर. उत्तर आयर्लंडचं सुमारे ४० टक्के पिण्याचं पाणी या सरोवरातून येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात काठाशी पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखी हिरवी दाट साय आली होती, सायनोबॅक्टेरिया या विषारी जिवाणूंची. सांडपाणी, तापमान अशी कारणं आहेतच, पण मोठा वाटा शेतीतून येणाऱ्या, या जिवाणूंना पोसणाऱ्या फॉस्फरसचा. शेणामुताची स्लरी शेतात पसरतात आणि पाऊस ती धुऊन ओढ्यात नेतो. म्हणून तर १५ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी स्लरी पसरायला बंदी असते. म्हणजे भरपूर पाऊस हेच इथलं दुखणं! लिटरच्या आकड्यात हे दिसतच नाही.

शिवाय आमच्या ताटातला बासमती पंजाब-हरियाणाच्या भूजलावर पिकतो आणि स्ट्रॉबेरी स्पेनच्या वेल्वा भागातून येतात, जिथे उपशामुळे शेजारच्या दोन्याना पाणथळीवर संकट आलंय. पाऊस इथे, उपसा तिकडे.

तर, त्या त्या ठिकाणची टंचाई धरून पाण्याचा हिशेब करणारी, चौदा वर्षांच्या मुलीला झेपेल अशी एखादी पद्धत आहे का? आणि ‘करडं’ पाणी, म्हणजे प्रदूषण विरळ करायला लागेल ते पाणी, तक्त्यात वेगळं दाखवावं की एकूण बेरजेत धरावं? माझा कल वेगळं दाखवण्याकडे आहे. दुग्धव्यवसाय किंवा जलव्यवस्थापनात काम करणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.