मदत हवी आहे: बाबांबरोबर 'सोप्रानोज' पुढे बघू की इथेच थांबवू? (स्पॉयलर आहेत)

आगारकन्या

गेल्या दिवाळीपासून मी आणि बाबा रात्री जेवणं आटोपली की 'द सोप्रानोज' ही न्यू जर्सीतल्या माफियावरची अमेरिकन मालिका बघतो. बाबा 74 वर्षांचे, एसटीतून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त. सुरुवातीला मला वाटलं होतं, शिव्या ऐकून दहा मिनिटांत उठतील. कसलं काय! "न्यू जर्सी असो नाहीतर आमचा डेपो, माणसं सांभाळायची म्हणजे हेच," म्हणाले आणि बसले ते बसलेच. खाली येणारी इंग्रजी वाक्यं वाचतात, अडलं की मला विचारतात.

त्यांचा जीव मालिकेचा नायक टोनीवर नाही, त्याच्या काकावर आहे. कोरॅडो, म्हणजे अंकल ज्युनियर. जाड भिंगांचा चष्मा, सदा कुरकुर, आणि बॉस फक्त नावाचा. पुतण्या सगळं चालवतो आणि एफबीआयचं लक्ष काकांवर राहतं. "सातबाऱ्यावर नाव काकाचं, वहिवाट पुतण्याची," हे बाबांनी पहिल्याच सीझनला ओळखलं. (काका-पुतण्या हे प्रकरण महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगावं लागत नाही म्हणा.) तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो गायला लागतो तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "काका सुरात आहे."

आता अडचण. चौथा सीझन संपलाय, म्हणजे 52 भाग झाले. त्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर ज्युनियर पडतो, डोक्याला मार लागतो, आणि खटला टाळायला टोनी त्याला वेड लागल्याचं सोंग घ्यायला सुचवतो. बाबा खो खो हसले. पण त्याच सीझनमध्ये मधूनच तो खरंच गोंधळतो. तिथे ते हसले नाहीत. रिमोट हातात धरून नुसते बघत राहिले.

गेले सहा-सात महिने बाबाही विसरतात. आधी नावं, मग दूधवाल्याला दोनदा पैसे. मागच्या महिन्यात सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि थेट जुन्या डेपोत जाऊन बसले. कंट्रोलरने ओळखून चहा पाजला आणि मला फोन केला. घरी आल्यावर आम्ही कुणीच त्याबद्दल बोललो नाही.

मला राहवलं नाही म्हणून पाचव्या सीझनचा तिसरा भाग मी एकटीने बघून घेतला. ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. आता रोज रात्री "आज डोकं दुखतंय" असं सांगून पुढे ढकलतेय. काय करू? तेवढे भाग गाळता येतील का? की मालिकाच बदलू? दादा म्हणतो, "गुन्हेगारीची मालिका आहे, एवढा काय विचार करतेस."

निद्रानाश

गाळता येतील, पण कथा लंगडी होईल. ज्युनियरचे जड भाग असे: सी. 5 भा. 3, सी. 6 भा. 1, सी. 6 भा. 15 आणि अगदी शेवटचा, सी. 6 भा. 21. यातला सहाव्याचा पहिला गाळलात तर पुढचं काहीच कळणार नाही. त्यात तो टोनीलाच गोळी घालतो. टोनी त्याच्यासाठी स्वयंपाक करत असतो आणि ज्युनियरला समोर दिसतो कित्येक वर्षांपूर्वीचा दुश्मन, पहिल्या भागात ज्याला मारायचा घाट घातलेला असतो तो.

तिरफळ

वर स्पॉयलर म्हणून लिहिलंय म्हणून ठीक, नाहीतर भांडलो असतो.

बाबा हसले त्यात नवल नाही. ते सोंग हवेतून आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या जेनोव्हीझ टोळीचा म्होरक्या व्हिन्सेंट जिगांते वर्षानुवर्षं ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवर बाथरोब घालून स्वतःशी पुटपुटत फिरायचा. कोर्टात उभं राहायला लागू नये म्हणून. 1997 साली दोषी ठरला, 2003 मध्ये सगळं नाटक होतं हे कबूल केलं आणि 2005 च्या डिसेंबरात तुरुंगातच गेला. त्याच्या वाट्याला सोंग आलं. ज्युनियरला लेखकांनी सोंगातून खऱ्या आजारात ढकललं, आणि प्रेक्षकाला नक्की कुठे हसू थांबवायचं ते कळू दिलं नाही. आपण फसतो ते तिथे.

माझं मत: गाळू नका. पण एका रात्रीत दोन भागही बघू नका.

पार्सिपनीकर

इथे जर्सीत वीस वर्षं झाली, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. 10 जून 2007 च्या रात्री शेवटचा भाग लागला तेव्हा आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. टोनी आइस्क्रीमच्या दुकानात बसलाय, कांद्याच्या रिंगा आल्यात, मुलगी बाहेर गाडी लावतेय, आणि पडदा काळा! एकाने उठून केबलच्या डब्यावर थापा मारल्या. मग नावं वर सरकायला लागली आणि आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. टोनी मेला की जगला यावर लोक अजून भांडतात. ब्लूमफील्डमधल्या त्या दुकानातला तो बाक 2024 मध्ये लिलावात 82,600 डॉलरना गेला, काय बोलावं!

मला मात्र तो काळा पडदा लागला नाही. त्याच्या थोडं आधी टोनी काकाला भेटायला सरकारी दवाखान्यात जातो, ते लागलं. व्हीलचेअरवरच्या ज्युनियरला तो सांगतो, तुम्ही आणि माझे वडील मिळून नॉर्थ जर्सी चालवत होतात. ज्युनियरला आपण कोण होतो याचा पत्ताच नसतो. छान झालं की, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. टोनी उठून निघून जातो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, मला तो प्रसंग संथ वाटला होता. मागच्या वर्षी पुन्हा बघितला, आई गेल्यावर. पुढचं लिहीत नाही.

मंदाकिनी_क

आगारकन्या, मालिका राहू दे बाजूला. डेपोत जाऊन बसले हे तू चौथ्या परिच्छेदात लिहिलंस, ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. डॉक्टरांना दाखवलंस का? मी डॉक्टर नाही, पण सासूबाईंचं नऊ वर्षं केलंय. आधी फॅमिली डॉक्टर, मग न्यूरॉलॉजिस्ट. बी-12 आणि थायरॉइड तपासायला सांग, कधी कधी विसरणं त्याच्याने असतं आणि औषधाने सुधारतं. त्यांच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. आणि "असं कसं विसरलात?" हे वाक्य घरातून हद्दपार कर, दादालाही सांग.

आगारकन्या

मंदाकिनीताई, खरंय. लिहिताना मीच ते खाली ढकललं. उद्या फोन करते.

दादाचं म्हणाल तर तो बंगळूरला असतो, महिन्यातून एकदा येतो. बाबा त्याला दर वेळी विचारतात, "बारावीला गणितात उडाला होतास ना?" तो आता पंचेचाळीसचा आहे! तो चिडून ताटावरून उठतो. मी एकटीने बघितलेल्या त्या भागात हेच आहे हो. ज्युनियर टोनीला पुन्हा पुन्हा सुनावतो, शाळेच्या मुख्य संघात खेळण्याइतका दम तुझ्यात कधीच नव्हता. टोनीला तो अपमान वाटतो. मग ज्युनियर मेलेल्या भावाला शोधत जुन्या वस्तीत भटकतो, पोलीस त्याला आणतात, आणि डॉक्टर सांगतात की मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेलेत. मी दादाला तो भाग बघायला सांगितलाय. वेळ नाही म्हणाला.

निद्रानाश

बाबांना विचारलंत का, बघायचंय का म्हणून? आपण सगळे इथे त्यांच्या वतीने चर्चा करतोय.

तिरफळ

+१. डेपो सांभाळलेला माणूस आहे. तुमचं डोकं रोज दुखत नाही हे त्यांना कळत नसेल असं वाटतं का?

आगारकन्या

अपडेट देते, चार दिवस उशीर झाला.

विचारलं. बाबा म्हणाले, "काकाचं पुढे वाईट होणार हे मला त्या पायऱ्यांवरच कळलं. लाव तू." परवा रात्री सी. 5 भा. 3 लावला. दादा नेमका आलेला होता. मोबाइल बघत पलंगावर बसला होता, नंतर मोबाइल खाली ठेवला.

शेवटी टोनी विचारतो, इतकं टोचून का बोलता, माझ्यावर प्रेम नाही का तुमचं? ज्युनियर काही बोलत नाही, डोळे भरून येतात फक्त. मी बाबांकडे बघायचं टाळलं. तेच म्हणाले, "उत्तर आहे त्याच्याकडे. कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये." मग थोड्या वेळाने दादाला, "तू बारावीला गणितात..." दादा म्हणाला, "हो बाबा, उडालो होतो. बावीस मार्क." बाबा हसले.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मंगळवारची मिळालीय, बी-12 साठी रक्त दिलंय. चिठ्ठी खिशात ठेवायला बाबांनी नकार दिला. एसटीचा जुना पास मात्र चालतो म्हणाले, त्याच्या मागे नंबर लिहिलाय.

गोळीच्या भागाचं अजून ठरलेलं नाही. मधे पाचव्याचे दहा आहेत, तोवर कुणाला सुचलं तर लिहा.