‘व्हीझिंग’ला घरघर म्हणावं का?

भाषांतरवाला: पालकांसाठीच्या प्रश्नावलीत इंग्रजी ‘व्हीझिंग’साठी ‘गेल्या १२ महिन्यांत मुलाच्या छातीत घरघर झाली का?’ असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ‘घरघर’वर काट मारली. का?

बालकक्ष: योग्यच केलं. घरघर हा कफाचा आवाज. जाड, ओला, पाठीवर हात ठेवला तर हाताला जाणवतो, खोकल्यावर बदलतो. व्हीझ ही बारीक, सुरेल शीळ, मुख्यतः श्वास सोडताना. श्वास घेताना कर्कश आवाज आला तर तो स्ट्रायडर, म्हणजे अडथळा स्वरयंत्राच्या आसपास.

शुद्धमती: ‘सीत्कार’ चालेल?

खवचट: पालक लाजतील हो! ‘सूंसूं’ लिहा. आणि घरघर ‘लागली’ की माणूस शेवटाला आला असंच वाटतं.

बालकक्ष: नाक चोंदलं तरी सूंसूं होतं. ‘छातीतून’ आणि ‘श्वास सोडताना’ गाळू नका. आवाज येत असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, तो शब्दापेक्षा उपयोगी.

शुद्धमती: पण ‘बाळदमा’ हा सरळ शब्द असताना एवढं कशाला?

बालकक्ष: कारण प्रत्येक शीळ दमा नसते. दोन वर्षांखाली बहुतेकदा विषाणू, विशेषतः आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू. या वयात श्वासनळ्या मुळातच अरुंद. त्रिज्या निम्मी झाली तर हवेला विरोध सुमारे १६ पट. सर्दी नसतानाही शीळ, पहाटेचा खोकला, धावल्यावर किंवा हसल्यावर त्रास, एक्झिमा (त्वचेला खाज, पुरळ), आईवडिलांना दमा, साल्बुटामॉल या श्वासनळ्या रुंदावणाऱ्या औषधाने उतार, असं असेल तर दम्याकडे कल. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, साधारण ५-६ वर्षांपासून जमते. त्याआधी सगळी भिस्त पालकांच्या सांगण्यावर, म्हणून तर शब्दाचा एवढा कीस. खेळताना अचानक ठसका आणि मग एकाच बाजूला शीळ? शेंगदाणा किंवा मणी अडकल्याचा संशय घ्या. एक्स-रे स्वच्छ आला तरी तो सोडू नका. ब्रॉन्कोस्कोपीच, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून केलेली तपासणीच, खरं सांगते. जन्मापासून आवाज असेल तर श्वासनळी मऊ आहे का, तिला रक्तवाहिनीचा वेढा आहे का, हे बघतात.

खवचट: आवाज थांबला की सुटलो म्हणायचं.

बालकक्ष: धाप तशीच राहून आवाज गेला तर उलट धोका, हवाच आत-बाहेर होत नाही. बरगड्यांमध्ये खड्डे पडतात, ओठ निळसर, दूध ओढवत नाही: थेट रुग्णालय.

भाषांतरवाला: मग ‘शीळ’ लिहू?

शुद्धमती: शीळ ओठांनी घालतात, छातीने नव्हे. ‘शिट्टीसारखा आवाज’.

खवचट: शिट्टी तरी छातीने वाजवतात का?